इतिवृत्तातील एक दुरुस्ती : आपल्या बागेची पंचवीस वर्षे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला दिलेला विषय तसा सोपा होता. ‘आपल्या बागेचा इतिहास लिहा आणि घरी कुंड्या लावणाऱ्यांना चार उपयोगी सूचना द्या.’ बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला इतिहास लिहायचा म्हणजे आधी जुने कागद काढायचे, एवढंच कळतं. म्हणून सोसायटीच्या ऑफिसातून २००० सालापासूनची इतिवृत्ताची सगळी रजिस्टरं घरी आणली आणि आठ दिवस वाचत बसलो. जून २०१६ च्या एका नोंदीपाशी अडकलो. ती माझ्याच अक्षरात आहे, खाली सचिव म्हणून सहीही माझीच आहे, आणि ती खरी नाही.

त्या नोंदीकडे येतोच. पण आधी मातीबद्दल सांगायला हवं, कारण बागेच्या इतिहासात आपण झाडांची नावं लिहितो आणि माती विसरतो.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे ‘गार्डनिंग’ हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. मधल्या चौकात तुळशीवृंदावन, मागच्या अंगणात प्राजक्त, आणि न्हाणीघराचं पाणी जिथून वाहून जायचं तिथे अळू, कर्दळ आणि एक केळ. भांडी राखेनं घासत, ते पाणीही तिकडेच जाई. कोणी मुद्दाम खत घातलेलं मला आठवत नाही. घरातलं जे उरेल ते मागच्या अंगणात जायचं आणि गौरी-गणपतीत त्याचंच अळूचं फदफदं पानात पडायचं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. मी अकरा वर्षांचा होतो. वाडा गेला, प्राजक्त गेला. पाणी ओसरल्यावर उरला तो गुडघाभर गाळ. आम्हाला पुढे गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये जागा मिळाली. वाड्याच्या जागेवर सामान शोधायला गेलो तेव्हा आईने काय आणलं, तर एक पितळी तांब्या आणि डालड्याच्या डब्यात भरलेला गाळ. वडील रागावले होते. त्या डब्यात तिने तुळस लावली. ती तुळस इतकी फोफावली, की शेजारचे लोक रोपं मागायला येत. गाळ सुपीक असतो हे मी पुढे पुस्तकात वाचलं.

नोकरीत शेतीकर्जाचं काम आलं आणि १९७८ च्या सुमारास तासगावला बदली झाली. द्राक्षबागा पाहून कर्जाची शिफारस करायची, हे काम. थॉम्पसनमधून निवडून काढलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात त्याच भागातली. तिथल्या बागाईतदारांच्या बोलण्यात कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचं नाव सारखं यायचं. हे गणिताचे शिक्षक. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करावेत, मोजावेत, एकमेकांना सांगावेत यासाठी त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. झाडाच्या वाळलेल्या वजनातला फार थोडा भाग जमिनीतून येतो, बाकी सगळं हवा, पाणी आणि उन्हातून, हा हिशेब मला तिथे कळला. म्हणजे झाडाने गाळलेलं पान ही उन्हाची ठेव आहे. ती जाळणं म्हणजे मुदतीआधी ठेव मोडून वर दंड भरणं. (बँकेची भाषा सुटत नाही, क्षमस्व.)

एका म्हाताऱ्या बागाईतदाराने मला वेलींपाशी उकिडवं बसवलं आणि मातीत बोटं घालायला लावली. म्हणाला, “साहेब, वर काय बघता? खाली बघा. वरचं सगळं खालचंच असतं.” मी मान डोलावली आणि पुढच्या बागेकडे गेलो. हे वाक्य मला पुढे महागात पडणार होतं.

आता आपली सोसायटी. कोथरूड हे एके काळी पुण्याबाहेरचं खेडं. आपल्या दोन्ही विंग्ज उभ्या आहेत ती जागा शेतीची होती. बांधावर एक कडुनिंब होता, तो बांधकाम व्यावसायिकाने ठेवला, कारण तो नकाशात कोपऱ्यात येत होता. आपल्याकडची माती म्हणजे खाली काळा कातळ, वर मुरूम, त्यावर काळी माती. पाया खणताना वरची काळी माती डंपरने कुठेतरी गेली, आणि इमारतीभोवती भराव म्हणून विटांचे तुकडे, चुना-सिमेंटचा राडारोडा आणि मुरूम पडला. त्याच्यावर वीतभर लाल माती पसरली आणि आमच्या हातात ‘लँडस्केप्ड गार्डन’ असं लिहिलेलं माहितीपत्रक पडलं. आम्ही खूश होतो. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांना पहिल्यांदाच स्वतःचं घर मिळालं होतं, माती कोण उकरून बघतो!

पहिली पाच वर्षं आपण लॉन जगवण्यात घालवली. रजिस्टरात २००१ ते २००५ या काळात लॉनवर नऊ ठराव आहेत. उन्हाळ्यात टँकर मागवून हिरवळीला पाणी घातल्याचीही नोंद आहे, त्यावर सर्वसाधारण सभेत झालेल्या वादावादीची मात्र नाही. पुण्याचा पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने खडकवासल्याचं पिण्याचं पाणी गवताला घालायचं, हे इंग्लंडातलं फॅड आपल्याकडे परवडणारं नाही. शेवटी लॉन आपोआप वाळलं आणि वाद मिटला.

त्याच काळात मोगरा पिवळा पडायला लागला. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कोणी म्हणालं पाणी जास्त, कोणी म्हणालं दृष्ट लागली. खरं कारण भरावातला चुना आणि सिमेंट. अशा मातीत लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही. घरच्या कुंडीतही हे होतं. उपाय सांगतो : ५ ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, आमच्या बाल्कनीत येऊन पाहावेत. पण हिराकस हे औषध आहे, जेवण नव्हे. जेवण म्हणजे कंपोस्ट.

झाडं कोणती लावली याची यादी देत नाही, ती सगळ्यांना रोज दिसतात. एक गंमत मात्र सांगतो. २००८ साली ‘फक्त आपली देशी झाडं लावावीत’ असा ठराव आला होता. तेव्हा एका सभासदाने विचारलं, आपली म्हणजे कोणती? गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, देवाला वाहतो तो पांढरा चाफा अमेरिका खंडातला, आणि दसऱ्याला ज्याचं तोरण लावतो तो झेंडू मेक्सिकोचा. ठराव पुढे ढकलला गेला. तो अजून पुढेच आहे. माझं मत विचाराल तर मोठं झाड लावायचं असेल तेव्हा इथला वारा-पाऊस सोसलेलं लावावं, म्हणजे कडुनिंब, करंज, बहावा, जांभूळ. कुंडीत काय लावायचं ते ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावं.

गच्चीवरच्या बागेचंही एक प्रकरण झालं. ए विंगच्या काही उत्साही मंडळींनी गच्चीवर अर्धे कापलेले ड्रम ठेवून भाज्या लावल्या. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिकवलेल्या भाज्या-फळांबद्दल त्यांनी वाचलं होतं. दोशी पेशाने अर्थतज्ज्ञ, पण शहरातल्या गच्चीवर शेती करून दाखवणारे म्हणून त्यांचं नाव झालं. आपल्या मंडळींनी त्यांचं अर्धंच वाचलं. दोशींचा भर होता उसाच्या चिपाडावर, माती अगदी थोडी. आपल्याकडे ड्रम काठोकाठ मातीने भरले. एक घनफूट ओली माती साधारण ५० किलो भरते. दोनशे लिटरच्या ड्रमचा अर्धा भाग म्हणजे साडेतीन घनफूट, म्हणजे पावणेदोनशे किलो. असे चौदा ड्रम एका ओळीत! वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली तेव्हा कुठे हिशेब झाला. आज बाल्कनीत कुंड्या ठेवणाऱ्यांनीही तो करावा. कुंडीत तळाला भोकावर खापरी, मग वाळलेली पानं किंवा रसवंतीवरून आणलेलं चिपाड निम्म्यापर्यंत, आणि वर माती व कंपोस्ट निम्मं निम्मं. कुंडी हलकी राहते आणि मुळांना हवाही मिळते. मोठी कुंडी कठड्यावर कधीच नको, भिंतीलगत ठेवा.

आता कडुनिंब.

२०१० ला निवृत्त झालो आणि लगेच सचिव झालो. निवृत्त माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं. पावसाळ्यात पार्किंगमध्ये चिखल व्हायचा, सगळ्यांची तक्रार होती. २०११ साली मी तीन कोटेशनं मागवली, सगळ्यात कमी दराचं मंजूर केलं आणि कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत पीसीसी करून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले. कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत. अगदी चिकटून, कारण फट राहिली तर तिथे कचरा साचतो असं मीच ठेकेदाराला सांगितलं होतं. पावसाचं पाणी काढायला बुंध्यापासून दोन हातांवर चर खणला. चरात मांडीएवढी मुळं आडवी आली, ती कुऱ्हाडीने तोडली. झाडाची फांदी तोडायची तर महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदाच आहे. मुळांचा विचारही माझ्या मनात आला नाही, कारण ती जमिनीखाली होती.

त्या वर्षीच्या सभेत बी विंगमधल्या काकू उठल्या. त्या जुन्नरकडच्या, शेतकरी घरातल्या. म्हणाल्या, “सेक्रेटरीसाहेब, झाडाला आळं तरी ठेवा. बुंध्याशी सिमेंट नको, गुदमरेल ते.” मी म्हणालो, “काकू, हा विषय अजेंड्यावर नाही. ऐनवेळच्या विषयांत घेऊ.” ऐनवेळचे विषय आले तोपर्यंत काकू घरी गेल्या होत्या आणि बटाटेवडे आले होते. रजिस्टरात त्यांच्या बोलण्याची नोंद नाही.

काकूंचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. झाडाला अन्नपाणी घेणारी बारीक मुळं फार खोल नसतात. बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून काँक्रीट घातलं की दोन्ही बंद. बुंध्याशी ओल धरून राहिली की साल कुजते आणि बुरशी शिरते. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीचं किमान एक मीटर काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. ती बातमी मी पेपरात वाचली. खिडकीतून खाली बघितलंही. मग शब्दकोडं सोडवायला घेतलं.

पुढच्या दोन पावसाळ्यांत बुंध्यापाशी तपकिरी, कडक अशा छत्र्या उगवल्या. माळीदादांनी दाखवल्या तेव्हा मी त्या काढून टाकायला सांगितल्या. शेंड्याकडच्या फांद्या वाळत होत्या, त्या छाटल्या, रीतसर परवानगी काढून.

२०१६ च्या जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी वळीव आला. फार मोठा नव्हता, समोरच्या सोसायटीचं एकही झाड पडलं नाही. आपला कडुनिंब मात्र मुळासकट आडवा झाला. खाली चार दुचाक्या आणि एक गाडी. दहा मिनिटं आधी तिथे मुलं लपाछपी खेळत होती. पावसाची सर आली म्हणून ती जिन्यात पळाली होती, त्यांत माझी नातही होती. हे लिहिताना आजही हात थांबतो.

दुसऱ्या दिवशी उघडी पडलेली मुळं बघितली. चराच्या बाजूला मूळच नव्हतं, नुसता कुजका भुसा. उरलेली मुळं काँक्रीटखाली बुंध्याभोवतीच वेटोळी घेऊन बसलेली.

त्यानंतरच्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलं : ‘वादळी वाऱ्यामुळे आवारातील जुना वृक्ष उन्मळून पडला. नैसर्गिक आपत्ती. सभासदांनी खेद व्यक्त केला.’ विम्याच्या दाव्यालाही तेच बरं होतं. कोणी काही बोललं नाही. काकूही बोलल्या नाहीत. त्या फक्त खाली आल्या आणि पडलेल्या फांद्यांखालच्या पिकलेल्या निंबोळ्या ओच्यात गोळा करून घेऊन गेल्या. निंबोळी साठवून चालत नाही, काही आठवड्यांतच तिची उगवण्याची ताकद जाते, ताजीच पेरावी लागते. त्यांनी दुधाच्या पिशव्यांत पेरल्या. पावसाळ्यात त्यातलं एक रोप त्यांनी पूर्वेच्या मोकळ्या जागेत लावायला दिलं. खड्डा मी खणला, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. त्यात पाणी भरून ठेवायला त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही पाणी जिरलं नव्हतं. तेव्हा आणखी खाली पहारीने फोडून राडारोडा काढला, आणि मग पालापाचोळा, शेणखत आणि माती भरली. कुठलंही मोठं झाड लावताना हा पाण्याचा प्रयोग जरूर करा. रात्रभर पाणी तुंबणाऱ्या खड्ड्यात झाड लावणं म्हणजे बादलीत लावणं. काकू २०१९ साली गेल्या. झाड आता दुसऱ्या मजल्याला लागलं आहे.

आपल्या मागच्या बाजूचे गांडूळखताचे दोन हौद नकाशात दाखवायचे म्हणून बांधले होते. पहिली सोळा वर्षं त्यांत मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मंडपाचे बांबू होते. २०१६ च्या दिवाळीनंतर ते मोकळे केले. तोपर्यंत आपण हिवाळ्यात पानं जाळत होतो, हेही रजिस्टरात नाही. पद्धत साधी आहे. तीन घमेली वाळकी पानं, एक घमेलं ओला कचरा, असे थर. सुरुवातीला थोडं शेण किंवा जुनं कंपोस्ट विरजण म्हणून. वास आला तर ओलं जास्त झालंय, पानं घाला. काहीच होत नसेल तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा खालवर करा. तीन-चार महिन्यांत काळं, मोकळं, पावसानंतरच्या जमिनीसारखा वास येणारं खत हाताला लागतं. शिजवलेलं तेलकट अन्न त्यात नको, उंदीर येतात. पहिल्या वर्षी आपल्याला दोन पोती मिळाली. आता सगळ्या वाफ्यांना पुरून घरोघरी द्यायलाही उरतं.

कुंडीला रोज ठरावीक तांब्याभर पाणी घालणाऱ्यांनी ती सवय सोडावी. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. घरातली निम्मी झाडं पाण्यावाचून नाही, पाण्यानेच मरतात. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, बी धरलं की ती म्हातारी होते. आणि तुळस दोन-तीन वर्षांनी जायचीच, त्यात अशुभ काही नाही. तिचंच बी पेरून नवीन करावी.

येत्या सर्वसाधारण सभेत पूर्वेच्या मोकळ्या जागेत काँक्रीट करून सहा गाड्यांची सोय करण्याचा विषय आहे. गाड्यांची अडचण खरी आहे. माझ्याच मुलाची दुसरी गाडी रस्त्यावर उभी असते आणि या लेखाबद्दल कळल्यापासून तो माझ्याशी जेवणापुरतंच बोलतो. पण त्या जागेत काकूंचा कडुनिंब आहे. प्रस्तावाच्या नकाशात तो ‘ठेवला’ आहे, म्हणजे एका कोपऱ्यात गोल काढला आहे, आणि ब्लॉक त्या गोलाला चिकटून आहेत.

अध्यक्षांच्या परवानगीने मी दोन गोष्टी मांडणार आहे. पहिली, जून २०१६ च्या नोंदीखाली पुढील दुरुस्ती लिहिली जावी : ‘सदर वृक्ष २०११ साली बुंध्यापर्यंत केलेले काँक्रीट व चर खणताना तोडलेली मुळे यांमुळे कमकुवत होऊन पडला. काम तत्कालीन सचिवांच्या सूचनेनुसार झाले. बी विंगमधील एका सभासद भगिनींनी त्याच वर्षीच्या सभेत याबाबत सूचना केली होती, ती नोंदवली गेली नाही.’ जुनी ओळ खोडायची नाही. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, खाली दुरुस्तीची नोंद करून तारीख घालून सही करतात.

दुसरी, सहाऐवजी चार गाड्यांची सोय करावी, कडुनिंबाभोवती बारा फूट व्यासाचं उघडं आळं ठेवावं, उरलेल्या जागेत काँक्रीटऐवजी पाणी जिरेल अशा मोकळ्या सांध्यांच्या फरश्या घालाव्यात, आणि झाडाच्या बाजूने एकही चर जाऊ नये. ठरावाचा सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे. संध्याकाळी पाचनंतर मी मागच्या हौदापाशी असतो. येताना बादली आणा, खत तयार आहे.